खुराडं घराचं नको, गल्लीचं हवं

आगोटीच्या तोंडावर सुकी मासळी, मीठ, तांदूळ आणि लाकूडफाटा भरून ठेवणाऱ्यांच्या या मुंबईत संकटाची बेगमी हा आता मोबाइलवर बघायचा विषय झाला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर फारच. पाण्याची पिंपं, सौर दिवे, गच्चीवरची भाजी आणि या सगळ्यात हमखास कोंबड्या. मागे हिरवळ, रंगवलेलं लाकडी खुराडं, त्यातून तपकिरी अंडी काढणारं हसतमुख कुटुंब. हे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात आणि तिकडे त्याला कारणही आहे. बर्ड फ्लूने तिथल्या अंड्यांच्या कोंबड्या कोट्यवधींनी गेल्या, २०२५ च्या सुरुवातीला डझनाचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला आणि खुद्द कृषिमंत्र्यांनी घराघरात कोंबड्या पाळणं सोपं करू असं सांगितलं. त्यांच्याकडे परस आहे. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलमध्ये एक तुळस आणि एक कोरफड.

तरीही मुंबईत दोन-चार कोंबड्या पाळाव्यात का, हे विचारणारे भेटतात. माझं उत्तर असं: फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पाळू नयेत. ज्यांच्या पायाखाली अजून माती आहे, म्हणजे गावठाणं, कोळीवाडे, आरेतले पाडे, गिरगावापासून मालाडपर्यंत उरलेल्या जुन्या वाड्या, त्यांनी जरूर पाळाव्यात. आणि त्यांना ते चोरून करावं लागू नये म्हणून महापालिकेने स्पष्ट नियम करावा. मात्र हा नियम ‘आमचं घर, आमची अंडी, बाकी जगाशी संबंध नाही’ या कल्पनेवर उभा करायचा नाही. ती कल्पना साध्या हिशेबातही टिकत नाही.

हिशेबच करू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. तीन कोंबड्यांना महिन्याला दहा किलो लागतं. लेयरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीचं, तयार खाद्य किलोला चाळीस रुपयांनी धरलं तर झाले चारशे. सुधारित जातीच्या तीन कोंबड्यांनी वर्षाला सहाशे अंडी दिली, म्हणजे महिन्याला पन्नास, तर नुसत्या खाद्याचाच खर्च अंड्यामागे आठ रुपये येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात अंडं साधारण तेवढ्यालाच मिळतं. त्यात खुराडं, औषध, लस, मेलेली पिल्लं आणि गावाला जाताना कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या हा प्रश्न अजून धरलेलाच नाही. गावठी कोंबडी पाळली तर अंडी वर्षाला साठ-ऐंशीच, पण ती स्वतः चरून पोट भरते. चरायला अंगण लागतं. म्हणजे पुन्हा मुद्दा मातीवरच येतो.

पैसे वाचत नाहीत हे एकवेळ चालेल, बेगमी कुणी नफ्यासाठी करत नाही. अडचण पुढे आहे. हे दहा किलो खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. ज्या ट्रकने अंडी येतात तशाच ट्रकने तेही येतं. ट्रक थांबले की कोंबडीचं ताट आधी रिकामं होणार आणि मग आपलं. भाजीची देठं, उरलेला भात, भाकरीचे तुकडे तिला चालतात, पण तेवढ्यावर ती अंडी देत नाही. अंड्याला प्रथिनं लागतात, कवचाला चुनखडी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हे बरोबर ओळखलं होतं. तिथे रेशनवर माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळे. ज्याला कोंबड्या पाळायच्या असतील त्याने अंड्याचं कूपन सोडून द्यायचं आणि बदल्यात कोंबड्यांच्या खाद्याचं रेशन घ्यायचं, अशी सोय होती. घरात उरलेलं खरकटं उकडून त्यात ते खाद्य मिसळायचं. लोकांनी हौसेने पाळल्या आणि अंडी मिळालीही, पण त्यामागे सरकारी गोदाम उभं होतं.

ओला कचरा कोंबड्या संपवतील, हा आणखी एक आवडता दावा. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून कचरा गिळते आहे, तेव्हा काहीही कमी झालं तर बरंच. पण दहा कोंबड्या दिवसाला फार तर किलो-दीड किलो ओला कचरा संपवतील. दोन विंगच्या सोसायटीचा एका सकाळचा कचरा त्याच्या कितीतरी पट असतो. गांडूळ बरं.

आता ज्या संकटांसाठी ही तयारी, ती आठवून पाहू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कुर्ल्यात, कलिन्यात तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही, खुराडं कसलं वाचतंय? मुंबईतलं सर्वांत ठरलेलं संकट पाणी हेच आहे आणि त्यात कोंबडी आपल्याला वाचवत नाही, आपल्याला तिला वाचवावं लागतं. १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या, लिफ्ट थांबल्या. त्या दिवशी अंडं ही कुणाची गरज नव्हती. उरली टाळेबंदी. तिथे मात्र कोंबडीची बाजू भक्कम आहे. मार्च २०२० च्या आधी काही आठवडे कोंबडीतून करोना होतो अशी अफवा पसरली, भाव कोसळले, राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं आणि पक्षी फुकट वाटले किंवा पुरले. पाठोपाठ टाळेबंदी आली. आधी ज्या अंड्याकडे लोक पाहत नव्हते, तेच शोधत फिरायची वेळ आली. त्या दिवसांत ज्यांच्या दारात चार कोंबड्या होत्या त्यांना रोज दोन-तीन अंडी मिळाली, लहान मुलाला आणि म्हाताऱ्याला पुरेल एवढी. मी याला किरकोळ म्हणणार नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते शिजवायला पाच मिनिटांचा गॅस लागतो.

आणि राज्याची अवस्थाही विसरू नये. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं की महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी लागतात आणि त्यातली जवळपास एक कोटी बाहेरून, म्हणजे तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडूतून येतात. ज्या पुण्यात अंड्यांचा रोजचा भाव जाहीर करणारी समिती १९८२ मध्ये उभी राहिली, त्या पुण्याच्या राज्याची ही गोष्ट. मुंबई तर जवळजवळ शंभर टक्के आणलेल्या अंड्यांवर जगते. गावठाणातल्या खुराड्यांनी ही तूट भरून निघेल असं कुणी म्हणत असेल तर त्याने पुन्हा वरचा हिशेब करावा.

मग पाळायच्या कशासाठी? माझ्या मते, हे काम येणारी माणसं शहरात शिल्लक राहावीत म्हणून. बेगमीत वस्तूंपेक्षा हातातली विद्या जास्त टिकते, आणि कोंबडीची विद्या आपण एका पिढीत घालवली. गिरणगावातल्या कितीतरी आज्या कोकणातून, घाटावरून आल्या त्या ही विद्या घेऊन. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कधी अंड्यावर येणार हे तिच्या तुऱ्याच्या रंगावरून सांगायच्या. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवायची की तिच्याखाली अंडी मांडायची, हे घरातल्या गरजेवर ठरायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची, न फळलेली अंडी आधीच दिव्यासमोर धरून बाजूला काढलेली असायची. अंडी विकून आलेला पैसा बाईचा, त्याचा हिशेब नवरा मागत नसे. आज त्यांच्या नातवंडांना अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो, हेही सांगावं लागतं.

यात जातीचा प्रश्न येतो आणि हौशी लोक नेमके इथे चुकतात. व्यापारी लेयर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, कारण तिच्यातून खुडूक होणंच पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलं आहे. ती अंडी घालते आणि विसरते. अशा तीन कोंबड्या आणल्या तर दीड-दोन वर्षांनी अंडी आटतील आणि पुन्हा हॅचरीच्या दारात उभं राहावं लागेल. स्वावलंबन हवं असेल तर खुडूक बसणारी, पिल्लं सांभाळणारी, घारीची सावली पडताच ओरडणारी गावठी कोंबडी हवी, आणि तिची कमी अंडी मान्य हवीत. मधला रस्ता म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा, ग्रामप्रिया किंवा बंगळुरूची गिरिराज. या अंगणातल्या कोंबड्या म्हणूनच तयार केल्या आहेत, गावठीपेक्षा दुपटीने-तिपटीने अंडी देतात, पण अंड्यांवर बसायचं काम बहुधा दुसऱ्या कोंबडीला द्यावं लागतं. खेड्यातल्या बायका हे आपसूक करतात: अंडी ग्रामप्रियाची, ऊब गावठीची. कडकनाथबद्दल मात्र सांभाळून. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी अस्सल आहे, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे तिच्याच नावावर शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाली. त्याआधी इमू पाळायच्या योजनांनी हेच केलं होतं. स्वावलंबन कुणी योजना म्हणून विकायला आलं की दार लावून घ्यावं.

(जाता जाता: तपकिरी कवचाचं अंडं म्हणजे गावठी अंडं नव्हे. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी जाती आहेत, त्याही पिंजऱ्यातच असतात. दुप्पट पैसे कशाचे देतोय हे विचारायला हरकत नाही.)

विरोधकांकडे वळू, कारण त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. कोंबडा आरवतो हा त्यातला सर्वांत सोपा. कोंबडा ठेवू नका, मिटलं. न्यूयॉर्कमध्ये कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. सिंगापूरमध्ये सरकारी फ्लॅटमध्ये कोंबडी पाळायला बंदी आणि जमिनीवरच्या घरांना मर्यादित संख्येत परवानगी आहे. आपल्यासारखीच दाटी असलेल्या शहराने काढलेला हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो. पिल्लं हवी असतील तर गल्लीत एखाद्याकडे कोंबडा असावा, तोही सगळ्यांच्या संमतीने. वासाचंही तसंच. भुसा किंवा तूस अंथरून ते कोरडं ठेवलं तर वास येत नाही, पावसाळ्यात ते ओलं झालं की येतो. मुंबईत चार महिने पाऊस आहे. त्यामुळे पत्रा आणि जमिनीपासून हातभर उंच जाळीचा तळ ही चैन नाही, पहिली अट आहे.

ज्याची मला खरी काळजी वाटते ते उंदीर आणि घुशी. कोंबडी आणि तिची शीट यांपेक्षा रात्री सांडलेला दाणा जास्त घातक आहे. दाण्याला घूस येते, घुशीच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येतो, आणि लेप्टो दर पावसाळ्यात या शहरात माणसं मारतो. २००५ च्या पुरानंतर तर त्याची साथच आली होती. गोराई-मनोरीला मोकळी हवा आहे, वरळी कोळीवाड्याच्या दीड हाताच्या बोळात ती नाही. म्हणून दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, संध्याकाळी भांडं रिकामं, हे न पाळणाऱ्याची परवानगी काढून घ्यावी. माझ्या लेखी याबाबत दयामाया नको. आरेतल्या आणि राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांवर आणखी एक पाहुणा येतो, बिबट्या. तिथल्या वारली घरांना सूर्य मावळायच्या आत खुराडं बंद करायला कुणी शिकवावं लागत नाही.

बर्ड फ्लूचा आक्षेप सर्वांत गंभीर. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा झाला, त्याच सुमारास मुंबई-ठाण्यातल्या मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांतही विषाणू सापडला. उद्रेक झाला की बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी मारायची, मग ती हजारांच्या शेडमधली असो की दारातली एकटी, असा दंडक आहे. मग शहरात कोंबड्या वाढवायच्याच कशाला?

पण शहरात कोंबड्या आहेतच. जवळपास प्रत्येक नाक्यावर चिकनच्या दुकानाबाहेर पिंजऱ्यात कोंबलेल्या जिवंत कोंबड्या दिसतात. रोज पहाटे त्या टेम्पोतून येतात, दांड्याला उलट्या लटकवून सायकलवरून फिरतात, आणि कापल्या जातात त्या गटाराच्या शेजारी, वस्तीच्या मध्यात. जिवंत पक्षी आणि माणूस यांची जवळीक हाच धोका असेल तर तो या दुकानांत रोज आहे, आणि आपण त्याच्यासमोर पिशवी घेऊन रांगेत उभे आहोत. वर्सोव्याच्या एखाद्या घरामागच्या चार कोंबड्यांवर बोट ठेवण्याआधी इथे पाहायला हवं. कबुतरांचंही तेच. त्यांच्या शीटेने फुप्फुसं खराब होतात हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तर ती फाडायला जमाव आला. ज्या शहरात कबुतराला गोण्यांनी दाणे टाकणं पुण्य आणि त्याच शहरात कोंबडीचं खुराडं घाण, तिथे प्रश्न आरोग्याचा किती आणि कोण काय खातं याचा किती, हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. घर घ्यायला गेल्यावर ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न त्याने ऐकलेला असतो. कोंबडीच्या पिसांनीही फुप्फुसाचा त्रास होऊ शकतो, ते नाकारत नाही; म्हणूनच बंद गॅलरीत नको आणि फ्लॅटमध्ये नको.

उलट, बर्ड फ्लूच्याच कारणाने मला नोंदणी हवी आहे. नियम नाही म्हणून लोक कोंबड्या लपवून पाळतात. दोन मेल्या तर गुपचूप खाडीत टाकतात, कारण सांगितलं तर शेजारी तक्रार करेल, उरलेल्याही जातील आणि भरपाई कुणाच्या नावावर मागायची? नाव नोंदलेलं असेल, तर मेलेला पक्षी दाखवायची भीती कमी होते आणि भरपाईचा हक्क राहतो. साथीचा पहिला इशारा अशाच एखाद्या अंगणातून मिळू शकतो. पशुसंवर्धनाला आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याला एवढी माहिती फुकट मिळत असेल तर ती नाकारण्यात काय शहाणपण?

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी घरापेक्षा गल्ली म्हणतो. कोंबड्यांचा सर्वांत मोठा कर्दनकाळ म्हणजे मानमोडीचा रोग, ज्याला राणीखेत म्हणतात. माना वाकड्या होतात, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं साफ. पूर्वी गावोगाव उन्हाळ्याच्या तोंडाला ती यायची आणि एका आठवड्यात आळीतली कोंबडी नाहीशी व्हायची. त्यावर लस आहे, स्वस्त आहे, पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. पण ही लस शंभर-दोनशे मात्रांच्या बाटलीत येते, दुकानापासून घरापर्यंत बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तीन कोंबड्यांचा मालक तिचं काय करणार? तीन थेंब वापरून सत्त्याण्णव ओतून द्यायचे, किंवा, बहुतेक जण करतात तसं, लसच द्यायची नाही. तेच वीस घरांच्या मिळून शंभर कोंबड्या असतील तर एक बाटली, एक बर्फाचा थर्मास आणि एक सकाळ पुरते. खाद्याचं पन्नास किलोचं पोतंही तसंच, एका घरात ते दमट हवेत बुरसतं आणि बुरशीचं विष पोटात गेलं की कोंबड्या मरतात. पाच घरांत ते ताजं असतानाच संपतं. कवचासाठी लागणारी चुनखडी तर कोळीवाड्यात पायाखाली आहे. तिसऱ्यांचे, कालवांचे शिंपले भाजून कुटले की झालं. आणि कोंबडीला श्रावण कळत नाही. घरात महिनाभर अंडं वर्ज्य असलं तरी ती घालतच राहते, तेव्हा पलीकडच्या आळीत ती घेणारं कुणीतरी असावं लागतं.

म्हणून परवानगी एकेका घराला न देता वस्तीला द्यावी. घरामागे पाच-सहा कोंबड्यांची मर्यादा, वस्तीच्या नावे एक नोंदवही, लसीकरणाचा ठरलेला दिवस, मेलेला पक्षी कळवायला एक फोन नंबर. पावसाळ्याआधी वस्तीत फेरी मारून खुराडी किती उंचावर आहेत ते पाहणं. याला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र चक्क गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे, आणि पाळणाऱ्यांना शिकवणं, पिल्लं देणं हेच त्याचं काम. महापालिकेचं पशुवैद्यकीय खातं आहे. या तिघांना एका टेबलाभोवती बसवायला वॉर्ड ऑफिसचा एक कागद पुरे.

वेळ मात्र फार नाही. गावठाणांची आणि कोळीवाड्यांची सीमांकनं वर्षानुवर्षं रेंगाळली आहेत आणि तेवढ्यात पुनर्विकासाचे फलक दारात लागत आहेत. अंगण एकदा पार्किंगमध्ये गेलं की पुढची चर्चा करायला विषयच उरत नाही. सुरुवात करायची तर मनोरी, गोराई आणि आरेतले पाडे इथून करावी. तिथे खुराडी आजही आहेत, आज फक्त लसीची बाटली न्यायची आहे.